घोड्याच्या घरातलं प्यादं

आमच्याकडं पारावर बुद्धिबळ चालायचं ते देशी पद्धतीनं. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. किल्लेकोट नव्हता, शह बसायच्या आधी राजाला एकदा घोड्यासारखी उडी मारता यायची, तेवढीच सवलत. आणि प्यादं पल्याड पोचलं, की ज्याच्या घरात पोचलं तेच मोहरं व्हायचं. उंटाच्या घरात उंट, घोड्याच्या घरात घोडा. वैरणीची गाडी उतरायची राहिली तरी चालंल, पण यावरून म्हातारी माणसं तासभर भांडायची.

सांगलीत चित्र निराळं होतं. भाऊसाहेब पडसलगीकरांचं नूतन बुद्धिबळ मंडळ १९४१ पासूनचं. तिकडं पोरं आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळत. १९७४ साली मुंबईची वासंती खाडिलकर बंगळूरला देशातली पहिली महिला विजेती झाली, ती १३ वर्षांची असताना. १९७६ मध्ये तिची बहीण रोहिणी, तीही १३चीच, पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली. पोरीनं पुरुषांत कशाला, म्हणून गवगवा झाला. पुढं १९८१ला हैदराबादेत तीच आशियाई महिला विजेती झाली, हे त्यावर उत्तर पुरेसं आहे.

त्या गवगव्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात माझा चुलतभाऊ बापू तालुक्याच्या गावी पोरांच्या स्पर्धेला गेला. वय १४, पारावर भल्याभल्यांना मात देणारा. समोर शहरातली, दोन वेण्यांची एक मुलगी. तिनं त्याचं दोन घरं सरकलेलं प्यादं जाता जाता उचललं, तेव्हा त्यानं पंचांना हाक मारली. पंच म्हणाले, "बरोबर आहे तिचं."

तरी बापू हटला नाही. दोन तासांनी तिच्याकडं राजा आणि एक प्यादं, बापूकडंही तेवढंच. पण बापूचं पुढं. ते पोचलं, घोड्याच्या घरात. बापूनं सवयीनं घोडा उचलून ठेवला. वजीर मागता येतो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं! मुलगी त्याच्या तोंडाकडं बघतच राहिली. घोड्यानं तिचं प्यादं मारलं खरं, पण नुसत्या घोड्यानं मात होत नाही. डाव बरोबरीत. अर्धा गुण, आणि पुढची फेरी हुकली.

एसटीत तो बोलला नाही. गावात आल्यावर म्हाताऱ्यांनी उलट त्याचीच पाठ थोपटली, "घोड्याच्या घरात घोडाच, बरोबर केलंस."

त्यानंतर कितीतरी वर्षं पारावर पट मांडताना आधी विचारावं लागायचं, "देशी का इंग्रजी?" बापू इंग्रजीच म्हणायचा.