प्राँगहॉर्नची शिकार

उत्तर अमेरिकेतील गवताळ मैदाने व रॉकी पर्वताच्या पायथ्याच्या टेकड्यांवर शरद ऋतूत होणारी, परवान्याने नियंत्रित शिकार. प्राँगहॉर्न (अँटिलोकॅप्रा अमेरिकाना) हा खरा कुरंग नव्हे. अँटिलोकॅप्रिडी कुलातील तो एकमेव हयात प्राणी आहे. शिंगांवरचे आवरण तो दरवर्षी टाकतो.

प्राँगहॉर्नची सर्वाधिक संख्या अमेरिकेच्या वायोमिंग राज्यात आहे. तेथे शिकारक्षेत्रानुसार परवाने सोडतीने मिळतात, म्हणून तयारी काही महिने आधी सुरू होते. नकाशा नीट वाचणे हे पहिले काम. सरकारी व खाजगी जमिनीचे तुकडे बुद्धिबळाच्या पटासारखे गुंतलेले असतात आणि खाजगी रानात मालकाच्या परवानगीशिवाय शिकार करता येत नाही.

खरी कसोटी लपण्याची. या प्राण्याची नजर विलक्षण तीक्ष्ण, वेग ताशी सुमारे ८५ किमी. शंका येताच ढुंगणावरचे पांढरे केस फुलतात आणि कळप सावध होतो. त्यामुळे घळीचा आडोसा धरून, वारा तोंडावर घेत, सेजब्रशच्या झुडपांतून कोपरांवर सरपटत जावे लागते. पळत्या जनावरावर गोळी झाडू नये. ते जखमी होऊन निसटते. सप्टेंबरच्या उन्हात मांस लवकर बिघडते. पोकळ केसांचे कातडे उष्णता धरून ठेवते, म्हणून ते तातडीने सोलून मांस थंड करतात.

बेसुमार शिकारीने विसाव्या शतकाच्या आरंभी हा प्राणी काही हजारांवर आला होता. आज तो लाखोंच्या संख्येत आहे. परवान्याची शिस्त ही संख्या टिकावी म्हणूनच पाळायची.