लाकडाचा मुलामा

"आजोबा, हे लाकूड काढून टाकू या ना. फेक दिसतं!"

गेल्या वर्षी लायसन्स हातात पडल्याबरोबर आमच्या नातवाने हा प्रस्ताव मांडला. गॅरेजमध्ये उभी असलेली आमची १९८६ची फोर्ड कंट्री स्क्वायर स्टेशनवॅगन त्याला हवी होती, पण तिच्या अंगावरचे लाकूड नको होते. लाकूड कसले, लाकडाचे चित्र छापलेली व्हायनलची फिल्म ती. उन्हाने तिला उडदाच्या पापडासारखे तडे गेले होते. सौ.ने मात्र व्हीटो वापरला. "त्या लाकडावर भुलूनच १९८९मध्ये ही सेकंडहँड गाडी घेतली होती आपण. हात लावायचा नाही."

माझ्या डोक्यात राहिला तो 'फेक' हा शब्द. डेट्रॉइटच्या परिसरात मोटारींच्या धंद्यात उभा जन्म घालवला, पण लोखंडी गाडीवर लाकडाचे चित्र का, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. निवृत्त माणसाला वेळ भरपूर. बसलो शोधत.

मंडळी, स्टेशनवॅगनमधले 'स्टेशन' म्हणजे आगगाडीचे स्टेशन. गेल्या शतकाच्या सुरुवातीला उतारू आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलवर पोचवायला 'डेपो हॅक' नावाच्या गाड्या असत. मोटारीची चासी घ्यायची आणि वर सुतारांकडून लाकडी डबा बांधून घ्यायचा. लाकूड तेव्हा शोभेला नव्हते. गाडीचा सांगाडाच त्याचा होता.

१९२९मध्ये फोर्डने मॉडेल 'ए'ची स्टेशनवॅगन बाजारात आणली. तिच्यासाठी लाकूड येई ते आपल्याच मिशिगनच्या उत्तर टोकाला, आयर्न माउंटन येथे असलेल्या फोर्डच्या गिरणीतून. मेपल, बर्च ही तिथली झाडे. उरलेल्या भुशाचे आणि ढलप्यांचे काय करायचे, म्हणून फोर्डने त्यांच्या कोळशाच्या वड्या पाडल्या. मंडळाच्या पिकनिकला ज्यावर आपण कणसे भाजतो, तो किंग्जफर्डचा कोळसा मूळचा हाच!

पण लाकडी गाडी सांभाळणे म्हणजे जावई सांभाळणे. वरचेवर वॉर्निश लावा, सांधे आवळा. पावसात दारे फुगत, उन्हात करकरत. एवढा खर्च आणि उसाभर करणारा मालक बहुधा शहराबाहेर बंगला असलेला. त्यामुळे लाकूड म्हणजे बडेजाव, असे समीकरण झाले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलादी पत्र्याने बाजी मारली. १९४६ची विलीस जीप स्टेशनवॅगन सगळी पोलादी, पण रंगवली लाकडासारखी! १९४९मध्ये प्लिमथची पोलादी सबर्बन आली. १९५२मध्ये कंट्री स्क्वायरचे अंग पोलादी झाले आणि त्यावर 'डाय-नॉक' नावाची लाकडाची नक्कल चिकटली. खऱ्या लाकडाचा सांगाडा असलेली शेवटची अमेरिकन वॅगन १९५३च्या ब्यूइकची. स्क्वायर म्हणजे गावचा जमीनदार, आपल्याकडचे इनामदार म्हणा ना. वाडा गेला तरी दारावरची पाटी राहिली, तसे हे लाकूड राहिले.

१९६५च्या कायद्याने अमेरिकेचे दार उघडल्यावर आपली माणसे इथे आली, ती ह्या पाटीच्या ऐन भरात. आमच्या वॅगनमध्ये मागे समोरासमोर तोंड केलेली दोन छोटी बाकडी होती. तिथे मुलांच्या गाण्याच्या भेंड्या रंगत. पेटी, तबला, नाटकाचे पडदे, गणपतीची आरास, भारतातून आलेल्या आईवडिलांच्या चार चार बॅगा, सगळे तिने वाहिले. एअरपोर्टच्या त्या खेपांमध्ये ती पुन्हा डेपो हॅकच झाली होती, हे मला आत्ता उमगले.

१९७३च्या तेलटंचाईने मोठ्या गाड्यांना धक्का दिला, १९७८पासून इंधनबचतीचे नियम आले आणि १९८३च्या अखेरीस क्रायस्लरच्या मिनिव्हॅनने संसारी गिऱ्हाईक पळवले. १९९१मध्ये कंट्री स्क्वायर थांबली. १९९६मध्ये ब्यूइकची शेवटची लाकूडवाली रोडमास्टर निघाली आणि ती परंपरा संपली.

हा सगळा इतिहास मी नातवाला ऐकवला. तो म्हणाला, "म्हणजे फेकच ना?"

शेवटी निकाल दिला गंजाने. दाराच्या खालच्या कडेला बोट दाबले, तर फिल्मखाली पत्रा कुरकुरला. हिवाळ्यात रस्त्यावर टाकतात ते मीठ इतकी वर्षे आत मुरत होते. फिल्म काढल्याशिवाय गंज काढता येत नाही. सौ.ने मग काही न बोलता आपला हेअर ड्रायर आणून दिला.

तीन शनिवार-रविवार लागले. आधी क्लिपांमधून कडेच्या पट्ट्या सोडवल्या. मग फिल्म गरम करायची आणि पत्र्यालगत हळूहळू ओढायची. कमी तापली तर तुकडे पडतात, जास्त तापली तर नुसती ताणली जाते. सुरी लावायची नाही, प्लॅस्टिकची पट्टी वापरायची. उरलेला गोंद औषध लावून पुसायचा. नातू हात भाजून घेत शिकला.

गंज खालीच होता. वर मात्र आकाशी रंग निघाला, कारखान्यातून आल्यासारखा ताजा. फिल्मबाहेरचा रंग उन्हाने पांढुरका पडलेला. त्यामुळे लाकूड गेले तरी त्याची आकृती जिथल्या तिथे उमटून राहिली.

बॉडीशॉपवाला म्हणाला, सगळी गाडी एका रंगात करून देतो. नातवाने गाडीकडे पाहिले, मग आजीकडे. ती त्या आकृतीच्या कडेवरून बोट फिरवत होती.

"नको," तो म्हणाला. "फक्त खालचा गंज काढा."