नवव्या मजल्याचं दार

आपल्यातल्या बऱ्याच गटांची आता शिवणकेंद्रं आहेत. म्हणून आज आम्ही शिवणाऱ्या बायकांचीच हकीकत सांगणार आहोत. दूरची आहे, अमेरिकेतल्या न्यूयॉर्कची. तारीख २५ मार्च १९११, वार शनिवार.

ट्रँगल नावाच्या कारखान्यात बायकांचे ब्लाउज शिवत. जागा उंच इमारतीत, आठव्यापासून दहाव्या मजल्यापर्यंत. कामाला बहुतेक मुलीच. इटलीतून, पूर्व युरोपातून पोटासाठी आलेल्या, काही तर चौदा वर्षांच्या.

सुट्टीची वेळ झाली होती. आठव्या मजल्यावर कापायच्या टेबलाखाली चिंध्यांची पेटी होती. दोन महिन्यांहून जास्त दिवस त्या चिंध्या कुणी उचलल्या नव्हत्या. त्यात ठिणगी पडली, बहुधा सिगारेटची. वर टांगलेले कागदी नमुनेही पेटले. नळी ओढली, तर तिला पाणी नाही.

दहाव्या मजल्यावर मालकांची कचेरी. तिथे फोन गेला, मालक गच्चीवरून सुटले. मधल्या नवव्या मजल्यावर मात्र निरोप पोहोचलाच नाही. आग आली तेव्हाच मुलींना कळलं.

तिथल्या एका दाराला कुलूप होतं. मुली कापड चोरतात असा संशय, म्हणून सुट्टीला एकाच दाराने सोडायचं आणि पिशव्या तपासायच्या. किल्ली मुकादमाकडे, आणि तो आधीच निसटलेला. बाहेरचा लोखंडी जिना भाराने कोसळला. बंबाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोहोचली. लिफ्ट चालवणाऱ्यांनी फेऱ्या मारून कितीतरी जणींना खाली आणलं, त्यांची आठवण ठेवायला हवी. तरी १४६ जीव गेले. त्यांत १२३ बायका-मुली.

कामाच्या वेळी दार कुलूपबंद नको, हा कायदा तेव्हाही होता. पाळला कुणी नाही. पुढे चौकशी आयोग बसला, आणि नवे कायदे झाले: आगीची रंगीत तालीम, चिंध्यांना न पेटणाऱ्या पेट्या, छतातून आपोआप पडणारं पाणी. ती आग रस्त्यावरून पाहिलेल्या फ्रान्सिस पर्किन्स या कामात उतरल्या, आणि १९३३ साली अमेरिकेच्या पहिल्या महिला मंत्री झाल्या, त्याही कामगार खात्याच्या.

आता आपल्या केंद्रात बघा. चिंध्या कोण उचलतं, आणि कधी? मागच्या दाराशी गठ्ठे रचलेत का? त्याची किल्ली कुणाच्या कमरेला आहे? आतल्या खोलीतल्या बाईला हाक कोण मारणार, हे ठरलंय का?

मालक खटल्यातून सुटले. १९१३ साली त्यांच्यापैकी एकाच्या कारखान्यात कामाच्या वेळी पुन्हा दाराला कुलूप सापडलं. दंड झाला २० डॉलर.