क्ष-किरणतंत्रज्ञाची विद्या आणि तिची सनद

वऱ्हाडांतील मंगरूळपीर हें तालुक्याचें गांव बिरबलनाथ महाराजांच्या मंदिरामुळें आणि हयात कलंदर पिराच्या दर्ग्यामुळें दूरवर ठाऊक आहे. पूर्वीं हा तालुका अकोला जिल्ह्यांत मोडत असे. १ जुलै १९९८ रोजीं वाशिम जिल्हा वेगळा झाला, तेव्हांपासून तो त्या जिल्ह्यांत आहे. अशा गांवीं शेतमजुराचा हात मोडला, गाडीखालीं पाय सांपडला, किंवा महिनाभराचा खोकला हटेना, म्हणजे डॉक्टर रोग्यास क्ष-किरणांच्या खोलीकडे पाठवितात. तेथें एक मनुष्य त्याचा दुखरा हात जपून फळीवर ठेवतो, हलूं नका म्हणून बजावतो, आणि आडोशाला जाऊन कळ दाबतो. सारें काम एका श्वासाचें. त्या माणसाचें नांवहि रोग्यास बहुधा कळत नाहीं. त्या माणसानें काय शिकावें, तें कोणीं शिकवावें, आणि तो शिकला आहे असें कोणीं ठरवावें, या तीन प्रश्नांचा इतिहास आज मला आपणांपुढें मांडावयाचा आहे.

जर्मनींतील वुर्झबर्ग येथें प्राध्यापक विल्हेल्म राँटजेन यांस ८ नोव्हेंबर १८९५ रोजीं या किरणांचा शोध लागला. त्यांचा स्वभाव अज्ञात म्हणून राँटजेन यांनीं त्यांस अज्ञात राशीचें अक्षर दिलें; आपण त्यांस क्ष-किरण म्हणूं लागलों. वर्ष उलटण्यापूर्वींच जगांतील मोठमोठ्या शहरांत हीं यंत्रें सुरू झालीं होतीं. हिंदुस्थानांतहि त्यांस यावयास वेळ लागला नाहीं. १८९७-९८ च्या तिराहच्या मोहिमेंत सर्जन-मेजर बीव्हर यांनीं वायव्य सरहद्दीच्या डोंगरांत हें यंत्र नेऊन जखमी शिपायांच्या अंगांतील गोळ्यांचा ठाव घेतला होता.

यंत्र आलें, पण यंत्र चालविणारा कोठून आणावयाचा? त्या वेळीं ही विद्या शिकविणारी शाळा कोठेंच नव्हती. ज्याला विजेचें थोडें ज्ञान तो, ज्याला छायाचित्रण येतें तो, कांचेची नळी फुंकणारा कारागीर, हौशी डॉक्टर, असे सर्व लोक या कामांत पडले. नळींतून निघणारे किरण पुरेसे तीव्र आहेत कीं नाहींत हें पाहावयाचें झालें, तर पुष्कळ जण आपलाच हात पुढें धरून पडद्यावर हाडें नीट दिसतात का तें पाहत. दिवसांतून अनेक वेळां हें चाले. प्रथम कातडी लाल होई, मग फोड येत, नखें गळत, आणि कांहीं वर्षांनीं व्रणाचा कर्करोग होई. एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली यांचा एक हात भाजला तेव्हां ते दुसऱ्या हातानें काम करूं लागले. पुढें दोन्ही हात कापावे लागले, आणि १९०४ सालीं त्यांस मृत्यूनें गांठलें. एडिसन यांनीं क्ष-किरणांचा नाद सोडला. हॅम्बर्ग येथें १९३६ सालीं अशा बळींचें स्मारक उभारण्यांत आलें, त्यावर प्रथम १६९ नांवें कोरलीं होतीं. पुढें तीं वाढतच गेलीं. आजच्या क्ष-किरणशिक्षणाचे पहिले धडे या लोकांच्या हातांवर लिहिले गेले आहेत.

पद्धतशीर शिक्षणाची गरज प्रथम पहिल्या महायुद्धानें पटविली. मादाम क्यूरी यांनीं मोटारगाड्यांवर क्ष-किरणयंत्रें चढवून रणांगणाजवळ नेलीं. गाड्या तयार झाल्या, पण चालविणारीं माणसें मिळेनात. तेव्हां त्यांनीं पॅरिसच्या रेडियम संस्थेंत वर्ग काढून सुमारें १५० स्त्रियांस वीज, शरीररचना आणि चित्र घेण्याची कृति शिकविली. युद्ध संपल्यावर १९२० सालीं इंग्लंडांत रेडिओग्राफरांची सोसायटी स्थापन झाली. त्याच वर्षीं अमेरिकेंत एड जर्मन या गृहस्थांनीं शिकागो येथें मूठभर तंत्रज्ञांस जमवून त्यांची संघटना उभी केली, आणि १९२२ सालीं तेथें परीक्षा घेऊन नांव नोंदविण्याची व्यवस्था सुरू झाली. त्या नोंदवहींतलें पहिलें नांव सिस्टर बिॲट्रिस मेरिगन या जोगिणीचें होतें.

या जर्मन महाशयांचें खरें काम हें कीं, अंदाजपंचे चाललेल्या एका कसबाचें त्यांनीं शास्त्र केलें. चित्र काळें किती व्हावें, काळ्यापांढऱ्यांतला फरक किती राहावा, रेषा किती रेखीव याव्यात, आकार कितपत बिघडूं द्यावा, या गोष्टी त्यांनीं एकमेकींपासून वेगळ्या काढल्या आणि कोणती गोष्ट कोणत्या कळीनें साधते तें शिकविलें. विजेचा दाब वाढविला म्हणजे किरण अधिक भेदक होतात. प्रवाह आणि वेळ वाढविली म्हणजे त्यांचें प्रमाण वाढतें. अंतर दुप्पट केलें म्हणजे तीव्रता चौपट कमी होते. हा हिशेब ज्याला येतो त्याचें चित्र बहुधा पहिल्याच खेपेस साधतें. ज्याला येत नाहीं तो तेंच चित्र दोनदां, तिनदां घेतो, आणि प्रत्येक खेपेचे किरण रोग्याच्या अंगांत जातात.

आपल्याकडेहि प्रारंभ वाईट नव्हता. विसाव्या शतकाच्या आरंभीं डेहराडून येथें क्ष-किरणांची एक संस्था निघाली होती. तिचे प्रमुख कॅप्टन वॉल्टर यांचा या विषयावरील ग्रंथ १९०६ सालीं प्रसिद्ध झाला. मद्रासेंत १९३४ सालीं कॅप्टन बर्नार्ड यांच्या नांवाची संस्था उघडली. १९३१ सालीं क्ष-किरणशास्त्र्यांची अखिल भारतीय संघटना झाली. परंतु ती डॉक्टरांची. यंत्र चालविणारा सहायक बहुतेक ठिकाणीं रुग्णालयांतच, वरिष्ठाच्या हाताखालीं, पाहून पाहून शिके. गुरु चांगला मिळाला तर तो तरबेज होई. न मिळाला तर गुरूच्या चुकाहि तो गिरवी.

येथें एक भेद नीट ध्यानांत घेतला पाहिजे. या क्षेत्रांत तीन निरनिराळ्या सनदा असतात. एक शाळेची: ती योग्य तेंच शिकवते ना. दुसरी माणसाची: तो तें खरोखर शिकला ना. तिसरी यंत्राची: तें सुरक्षित आहे ना. अमेरिकेंत माणसाची नोंदणी आधीं झाली आणि शाळा तपासणारी आजची संयुक्त समिति १९६९ सालीं आली. आपल्या देशांत क्रम उलटा लागला. १९६२ चा अणुशक्ति कायदा, १९७१ चे किरणसंरक्षणाचे नियम, १९८३ सालीं मुंबईंत स्थापन झालेलें अणुऊर्जा नियामक मंडळ, आणि २००४ चे सुधारलेले नियम, अशी यंत्राच्या सनदेची वाट नीट बांधली गेली. तें यंत्र शिकलेल्या माणसानेंच चालवावें अशी अट मंडळानें घातली खरी, परंतु त्या माणसाची देशव्यापी नोंदवही मात्र नव्हती. परिचारिकांस १९४७ सालीं आणि औषधनिर्मात्यांस १९४८ सालीं आपापल्या परिषदेचा कायदा मिळाला. महाराष्ट्रानें परावैद्यक परिषदेसाठीं स्वतःचा कायदा केला. पण क्ष-किरणतंत्रज्ञासह इतर सहवैद्यक व्यवसायांसाठीं राष्ट्रीय आयोगाचा कायदा व्हावयास २०२१ साल उजाडावें लागलें. त्याचीहि अंमलबजावणी रेंगाळली, तेव्हां २०२४ सालीं सर्वोच्च न्यायालयानें केंद्रास व राज्यांस मुदत घालून दिली. मोटारीस परवाना आधीं आणि ती हांकणाऱ्यास पुष्कळ वर्षांनीं, असा हा प्रकार झाला.

संशोधनाच्या बाजूस मात्र महाराष्ट्राला अभिमान वाटावा असें काम झालें आहे. मुंबईजवळ तुर्भे येथें १९५४ सालीं अणुशक्तीचें जें केंद्र निघालें, आणि ज्याला १९६७ पासून भाभा यांचें नांव आहे, तेथें किरणांजवळ काम करणाऱ्यांच्या छातीवरील बिल्ल्याचा अभ्यास झाला. आरंभीं त्या बिल्ल्यांत फिल्मचा तुकडा असे. १९७५ पासून तिच्या जागीं डिस्प्रोशियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या आल्या. या चकत्या किरणांची शक्ति सांठवून ठेवतात. प्रयोगशाळेंत तापविल्या म्हणजे त्या प्रकाशतात, आणि त्या प्रकाशावरून किती किरण लागले तें मोजतां येतें. काम करणाऱ्यास पांच वर्षांच्या सरासरीनें दर वर्षीं २० मिलिसीव्हर्टपेक्षां अधिक मात्रा लागूं नये, आणि कोणत्याहि एका वर्षांत ती ३० वर जाऊं नये, असा आपल्याकडील नियम आहे. डॅली यांच्या काळीं शरीरच मोजमापाचें साधन होतें. आतां तें काम एक चकती करते. पण ती पेटींत पडून राहिली तर कांहींच मोजीत नाहीं. ती रोज लावण्याची संवय शिक्षणानेंच लागते.

हा विषय मोठ्या शहरांपेक्षां तालुक्याच्या गांवीं अधिक निकडीचा आहे. शहरांतील रुग्णालयांत क्ष-किरणांचे विशेषज्ञ असतात, भौतिकशास्त्रज्ञ असतात. कोणी चुकला तर दुसरा सांवरतो. लहान गांवीं विशेषज्ञ हजर असेलच असें नाहीं. किरणांचा झोत जेवढ्यास तेवढा आवळणें, लहान मुलाचें अंग झांकणें, गर्भवतीस आधीं विचारणें, चित्र दुसऱ्यांदा घ्यावें कीं न घ्यावें हें ठरविणें, हें सारें त्या एकट्या माणसाच्या विद्येवर अवलंबून असतें. २०२४ सालीं वाशिम येथें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. तेथें डॉक्टर घडतीलच. परंतु त्याच भागांतील मुलामुलींस ही विद्या पद्धतशीर शिकावयास मिळाली, तर आसपासच्या सर्व तालुक्यांस तिचा लाभ होईल.

आपण गृहस्थांनींहि कांहीं गोष्टी पाळाव्यात. छातीचें एक साधें चित्र घेतल्यानें लागणारी मात्रा अगदीं अल्प असते, तेव्हां डॉक्टरांनीं सांगितलेलें चित्र भीतीनें टाळूं नये. उलट, उगाच हौसेनें घेऊंहि नये. जुनीं चित्रें जपून ठेवावींत आणि सोबत न्यावींत, म्हणजे पुष्कळदां नवें घ्यावेंच लागत नाहीं. यंत्राच्या परवान्याविषयीं आणि चालविणाऱ्याच्या शिक्षणाविषयीं संकोच न धरतां विचारावें. ज्यानें ही विद्या श्रमानें मिळविली आहे त्याला त्या प्रश्नाचा राग येत नाहीं. उलट, आपलें काम कोणी ओळखलें याचा त्याला आनंदच होतो.