एक ते दहा, आणि सुटका

आज जाऊया क्यूबाला. मार्च २०१०, हवाना बंदर. दोन डोलकाठ्यांचं एक लाकडी शिडाचं जहाज आत येतंय. नाव 'आमिस्ताद', म्हणजे स्पॅनिशमध्ये मैत्री. ही प्रतिकृती आहे, अमेरिकेत मिस्टिक सीपोर्टला बांधलेली, २००० साली पाण्यात उतरलेली. मूळ आमिस्ताद १८३९ मध्ये याच हवानातून निघालं होतं, ५३ आफ्रिकन माणसांना गुलाम म्हणून घेऊन.

आता मेख बघा. आफ्रिकेतून गुलाम आणणं स्पेनने १८१७ च्या करारात बंद करायचं मान्य केलं होतं. पण क्यूबातच जन्मलेला गुलाम विकता यायचा. मग काय, खोटे कागद केले आणि या माणसांना स्पॅनिश नावं चिकटवली. सेंग्बे पिए या मेंदे शेतकऱ्याचा 'सिंके' झाला.

जहाजावर त्यानेच बंड केलं. कप्तान मारला गेला. जहाज हाकायला दोन खरेदीदारांना जिवंत ठेवलं. ते दिवसा आफ्रिकेच्या दिशेने जायचे आणि रात्री गुपचूप उत्तरेकडे वळवायचे. शेवटी लाँग आयलंडजवळ अमेरिकन नौदलाने जहाज पकडलं.

प्रकरण कोर्टात गेलं. कागद सांगत होते, ही क्यूबाची माणसं. खोडून कोण काढणार? त्यांची मेंदे भाषा तिथं कुणाला येतच नव्हती. तेव्हा येलचे प्राध्यापक जोसाया गिब्ज तुरुंगात गेले, बोटं दाखवत त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले, आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यांवर ते मोठ्याने म्हणत फिरले. जेम्स कोव्ही नावाच्या खलाशाने ते ओळखले. तोही लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला. दुभाषी मिळाला, आणि माणसं स्वतःची हकिकत स्वतः सांगू लागली.

सुप्रीम कोर्टात त्यांची बाजू माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स यांनीही मांडली. ९ मार्च १८४१ ला निकाल लागला: ही माणसं स्वतंत्र आहेत. परतीचा खर्च सरकारने दिला नाही, समर्थकांनी पैसे जमवले. जानेवारी १८४२ मध्ये ३५ जण सिएरा लिओनला पोचले. बाकीच्यांच्या नशिबी ते नव्हतं.

म्हणून ती प्रतिकृती हवानात येणं मला मोठं वाटतं. जिथं कागदावर त्यांची नावं पुसली, तिथंच त्यांची गोष्ट परत आली. आणि 'आपली भाषा काय कामाची?' असं कुणी विचारलं, तर त्याला हे दहा आकडे सांगा.