बाजाराची परतीची वाट

नव्या दिल्लीतील कोपर्निकस मार्ग मराठी माणसास अपरिचित नाही. महाराष्ट्र सदनाची जुनी वास्तू ह्याच मार्गावर आहे. येथील फरीदकोट हाउसमध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे मुख्य पीठ बसते. २०१० च्या कायद्याने स्थापन झालेल्या ह्या न्यायाधिकरणापुढे नद्या, अरण्ये आणि कारखाने ह्यांचे मोठे वाद येतात. परंतु भाजी कोणत्या पिशवीतून घरी न्यावी, हा वरवर क्षुल्लक वाटणारा प्रश्नही तेथे निवाड्यास आला. ऑगस्ट २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने ५० मायक्रॉनहून पातळ प्लास्टिक पिशव्यांना दिल्लीत बंदी केली आणि ५,००० रुपयांचा दंड सांगितला. पिशवीसारख्या वस्तूवर न्यायासनापुढे उभे राहण्याची वेळ का यावी, ह्याचे उत्तर बाजाराच्या इतिहासात सापडते.

पूर्वी बाजारहाटास निघावयाचे म्हणजे घरून काही तरी बरोबर घ्यावयाचे. भाजीसाठी कापडी पिशवी, तेलासाठी बरणी, दुधासाठी चरवी. वाणी साखर रद्दी कागदाच्या पुडीत दोऱ्याने बांधून देई. फुले पानात गुंडाळून मिळत. ह्या व्यवहारास पर्यावरणरक्षण असे नाव कोणी दिले नव्हते. तो काटकसरीचा आणि पुष्कळदा टंचाईचाही भाग होता. त्याचे गोडवे गाताना हे विसरून चालणार नाही. मात्र त्यात एक व्यवस्था होती. पिशवी खुंटीवर परत जाई, कागद चुलीत, पान उकिरड्यावर आणि तेथून खत होऊन शेतात. प्रत्येक वेष्टनाला परतीची वाट होती.

मोठ्या शहरातही ही वाट मोकळी ठेवता येते, हे मुंबईने दाखवून दिले. १९४९ मध्ये आरे दुग्धवसाहत उभी राहिली आणि तिचे दूध काचेच्या बाटल्यांतून घरोघर पोहोचू लागले. रिकामी बाटली केंद्रावर द्यावयाची आणि भरलेली घ्यावयाची, हा शिरस्ता लक्षावधी माणसांनी वर्षानुवर्षे पाळला. पुढे बाटलीची जागा प्लास्टिकच्या पिशवीने घेतली आणि तो शिरस्ता लोपला.

हातात धरावयाच्या प्लास्टिक पिशवीचा जन्म स्वीडनमधला. अभियंता स्टेन गुस्ताफ थुलिन यांनी आखलेल्या पिशवीस १९६५ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळाले. हलकी, भक्कम, पाण्याने न भिजणारी ही पिशवी विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत भारतीय बाजारात सर्वत्र पसरली. कचेरीतून परतताना वाटेत भाजी घेणाऱ्या चाकरमान्यास ती सोयीची वाटली, ह्यात नवल नाही. ती फुकट मिळे. तिची किंमत मात्र गटारे चुकवीत होती. १९८८ आणि १९९८ च्या महापुरांत तुंबलेल्या गटारांचा अनुभव घेतलेल्या बांगलादेशाने २००२ मध्ये अशा पातळ पिशव्यांवर बंदी घातली. मुंबईस हा धडा २६ जुलै २००५ रोजी मिळाला. त्या दिवशी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पुराची कारणे अनेक होती. तरी तुंबलेल्या गटारांतील पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष प्रथमच इतके वेधले गेले.

कायद्याने ह्यावर जाडीचा उपाय योजिला. १९९९ मध्ये किमान जाडी २० मायक्रॉन ठरली. २०११ मध्ये ती ४०, २०१६ मध्ये ५० आणि २०२२ च्या अखेरीपासून १२० झाली. जाड पिशवी महाग पडते, म्हणून ती फुकट वाटली जाणार नाही आणि कचरावेचक ती उचलील, हा त्यामागील विचार. विचार योग्य; पण मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. तो हातगाडीवर कोण मोजणार? ५,००० रुपयांचा दंड दिवसाच्या कमाईवर जगणाऱ्या भाजीवाल्यास जितका जड, तितका पिशवी बनविणाऱ्या कारखान्यास नव्हे.

महाराष्ट्राच्या २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेत बंदीबरोबरच एक निराळे कलम होते : दुधाच्या पिशवीवर आणि पाण्याच्या बाटलीवर परतीची किंमत छापावी. आरेच्या बाटलीचेच हे तत्त्व कायद्याच्या भाषेत परत आले होते. परंतु पूर्वी तत्त्वामागे दूधकेंद्राची यंत्रणा उभी होती. आता यंत्रणा मागे राहिली आणि छापील अट पुढे गेली.

भारत सरकारने १९९१ मध्ये पर्यावरणास अनुकूल वस्तूंसाठी 'इकोमार्क' ही खूण ठरविली, तेव्हा तिचे चिन्ह म्हणून मातीचे मडके निवडले. फारच थोड्या उत्पादकांनी ती खूण घेतली. २०२४ मध्ये तिचे नियम नव्याने करावे लागले. चिन्हाची निवड मात्र अचूक होती. मडके फुटले तरी मातीत मिळते. ग्राहकाने पिशवी घेऊन निघावे, हे खरेच. पण दुकान, कारखाना आणि नगरपालिका ह्यांनी वस्तूच्या परतीची सोय केल्यावाचून त्याचा निश्चय फार दिवस टिकत नाही. जुन्या बाजारात ही सोय होती, म्हणून तेथे दंडाची गरज पडली नाही.