ज्याला गळच नाही, त्याचा इतिहास

माझ्या पीएचडीचा विषय सांगितला की समोरचा माणूस दोनदा फसतो. मी म्हणते, "सध्या ट्रोलिंगच्या टीझरवर प्रकरण लिहितेय." ट्रोलिंग म्हटल्यावर त्याला फेसबुकवरची शिवीगाळ आठवते आणि टीझर म्हटल्यावर सिनेमा. माणूस कोकणातला असेल तर तिसरा घोटाळा होतो. त्याला वाटतं मी ट्रॉलरबद्दल बोलतेय आणि लगेच विषय मिनी पर्ससीनवर जातो.

तर आधी एवढं स्पष्ट करून टाकते. ट्रॉलर मोठं जाळं ओढत नेतो. ट्रोलिंगमध्ये जाळं नसतं. चालत्या बोटीच्या मागे दोरीला लावलेलं खरं किंवा खोटं आमिष ओढत न्यायचं, एवढंच. आणि टीझर म्हणजे त्या बोटीमागे ओढलेली अशी वस्तू, जिला गळच नसतो. लाकडाचा रंगवलेला ठोकळा, प्लॅस्टिकच्या माकुलांची माळ, आरशाचे तुकडे चिकटवलेली फळी, काहीही. तिने मासा पकडायचा नसतोच. फेस उडवायचा, चमकायचं, बुडबुडे सोडायचे आणि खोलातल्या माशाला वर बोलवायचं. लहान माशांचा थवा घाबरून पळतोय असं त्याला वाटलं पाहिजे. मार्लिन किंवा सेलफिश वर आला, टीझरवर चोच मारायला लागला, की खलाशी टीझर झपकन ओढून घेतो आणि त्याच जागी गळ लावलेलं आमिष येतं. सिनेमाचा टीझरही हेच करतो म्हणा. दाखवतो, देत नाही.

मागच्या वर्षी या प्रकरणाचा पहिला खर्डा मी गाइडना दिला. त्यांनी समासात एकच शब्द लिहून परत केला: "पुरावा?" हा लेख म्हणजे त्या एका शब्दाला उत्तर द्यायचा प्रयत्न आहे.

लेखकांच्या बोटी

हौशी मासेमारीचा इतिहास वाचायला घेतला की पहिल्यांदा भेटतात ते पैसेवाले लोक. झेन ग्रे हे अमेरिकन लेखक आधी दंतवैद्य होते. काउबॉयच्या कादंबऱ्या लिहून त्यांनी भरपूर पैसा मिळवला आणि त्यातला बराचसा समुद्रात घातला. 1926 मध्ये ते न्यूझीलंडच्या बे ऑफ आयलंड्समध्ये गेले. तिथले लोक तेव्हा बोट वाऱ्या-प्रवाहावर सोडून, खाली आमिष लटकवून वाट बघत. ग्रे यांनी बोट चालती ठेवून मागे टीझर ओढायची पद्धत तिथे नेली. स्थानिकांशी त्यांचे खटके उडाले, वर्तमानपत्रांतून वाद झाले. त्याच हंगामात त्यांचे सोबती कॅप्टन लॉरी मिचेल यांनी 976 पौंडांचा, म्हणजे साधारण 443 किलोंचा काळा मार्लिन पकडला. तो तेव्हाचा जागतिक विक्रम. ग्रे यांनी त्याच वर्षी न्यूझीलंडवर पुस्तक काढलं. पुढे हार्डी कंपनीने त्यांच्या नावाचं रीळही बाजारात आणलं, आणि ते स्वस्त नव्हतं.

दुसरे अर्नेस्ट हेमिंग्वे. 'द ओल्ड मॅन अँड द सी' आपल्याकडे पु. ल. देशपांड्यांच्या 'एका कोळियाने'मुळे घराघरांत माहीत आहे. त्यातला म्हातारा वल्ह्याच्या होडीतून जातो, खोल पाण्यात आमिषं सोडतो आणि थांबतो. त्याच्याकडे टीझर नाही. असण्याचं कारणही नाही, कारण टीझर चालायला वेग लागतो, वेगाला इंजिन लागतं आणि इंजिनाला पैसे. खुद्द हेमिंग्वेंची बोट मात्र वेगळी होती. 'पिलार' ही 38 फुटी बोट त्यांनी 1934 मध्ये ब्रुकलिनच्या कारखान्यातून घेतली. किंमत साडेसात हजार डॉलरच्या आसपास. त्यातला काही भाग 'एस्क्वायर' मासिकाच्या संपादकांनी लेखांची आगाऊ उचल म्हणून दिला होता.

पण मला उपयोगी पडली ती हेमिंग्वेंची दुसरी गोष्ट. 1934 मध्ये मासिकात आलेली ही कथा पुढे 'टू हॅव अँड हॅव नॉट' या 1937 च्या कादंबरीचा पहिला भाग झाली. हॅरी मॉर्गन हा भाड्याने बोट चालवणारा गडी. एक श्रीमंत गिऱ्हाईक रोजच्या भाड्यावर बोट घेतं. खलाशी दोन मोठे टीझर पाण्यात सोडतात. गिऱ्हाईक निष्काळजीपणाने हॅरीची महागडी रॉड-रीळ माशाच्या झटक्यात घालवतं आणि शेवटी भाडं व नुकसानभरपाई न देताच विमानाने पसार होतं.

गोष्ट काल्पनिक आहे, पण हिशेब खरा आहे. गिऱ्हाईक मासा घेऊन जातं, फोटो घेऊन जातं. सामान बोटवाल्याचं असतं आणि हरवलं की खड्डा त्याच्या खिशाला. टीझर तर हमखास हरवणारी वस्तू. मार्लिनची चोच बसते, शार्क चावतो, दोरी तुटते. म्हणजे ती स्वस्तातच बनली पाहिजे. माझ्या प्रकरणाचा मुद्दा थोडक्यात हाच: टीझर हौशी श्रीमंतांनी मिरवला, पण त्याला आकार दिला तो बोटवाल्याच्या तंगीने.

नळाचा तुकडा आणि काचेचा ग्लास

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण हवाईतलं कोना. तिथे किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर समुद्र एकदम खोल होतो आणि मोठे ज्वालामुखी वारा अडवत असल्यामुळे पाणी शांत असतं. निळा मार्लिन जवळच, पण पसरलेला. एका जागी थांबून भागत नाही, खूप पाणी पालथं घालावं लागतं. खरं आमिष वेगात ओढलं की फाटतं, आणि ताजं आमिष रोज मिळवणं हे वेगळंच काम. म्हणून दुसऱ्या महायुद्धानंतर तिथल्या कप्तानांनी न फाटणारी डोकी बनवायला घेतली.

कोनात सांगतात ते असं. जॉर्ज पार्कर यांनी न्हाणीघरातल्या चकचकीत नळीचा तुकडा कापला आणि त्याला मागे रबरी ट्यूबच्या पट्ट्यांची झालर लावली. हेन्री ची (मराठीत वाचताना अडखळायला होतं, पण आडनावच 'ची' आहे) यांनी साध्या पिण्याच्या ग्लासात रेझिन ओतून डोकी पाडली. ग्लास थोडा तिरका ठेवला की रेझिन गोठताना वरचा पृष्ठभाग तिरका होतो. हा तिरकेपणाच महत्त्वाचा. सरळ कापलेलं डोकं सरळ चालतं. तिरकं कापलेलं डोकं पाण्यात घुसतं, बाजूला सरकतं, वर येऊन हवा गिळतं आणि पुन्हा बुडबुड्यांची शेपटी सोडत आत जातं. याला गळ लावला की आमिष, काढला की टीझर.

1954 मध्ये याच पार्कर यांनी 1,002 पौंडांचा निळा मार्लिन पकडला. पॅसिफिकमधला हजार पौंडांपलीकडचा तो पहिला मानला जातो. 1959 पासून कोनात आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरायला लागली. तिथे उत्तम कप्तानाला हेन्री ची यांच्या नावाचा पुरस्कार देतात. एका बोटवाल्याचं नाव टिकलं याचा मला आनंद आहे. पण ते कप्तान म्हणून टिकलं, ग्लासात रेझिन ओतणारा कारागीर म्हणून नाही.

हीच परंपरा आज अमेरिकेच्या किनाऱ्यावर बोलिंगच्या पिनांपर्यंत पोचली आहे. बोलिंगची पिन मेपल लाकडाची, वर प्लॅस्टिकचं कवच, उंची 15 इंच, वजन दीड किलोच्या थोडं वर. झिजली की बोलिंगवाले ती काढून टाकतात. कोणीतरी ती घेतो, दोन्ही टोकांना कड्या बसवतो, पोट पांढरं आणि पाठ गडद रंगवतो, की झाला टीझर. कोणी झाडूच्या दांड्याचे तुकडे माळेत ओवतो, कोणी जुन्या सीडी फोडून त्यांचे तुकडे चिकटवतो. दुकानात हेच तयार घ्यायचं तर खिसा रिकामा होतो.

मग पुरावा कुठे आहे?

आता गाइडच्या प्रश्नाकडे येते. 1939 मध्ये न्यूयॉर्कच्या अमेरिकन म्युझियम ऑफ नॅचरल हिस्टरीत इंटरनॅशनल गेम फिश असोसिएशन स्थापन झाली. तिच्या विक्रमांच्या यादीत मासा असतो, वजन, ठिकाण, तारीख, दोरीची ताकद आणि पकडणाऱ्याचं नाव असतं. टीझर कोणी बनवला, कोणी ओढला, हे नसतं. कसं असेल? त्याला गळ नाही, म्हणजे हिशेबाने त्याने काहीच पकडलेलं नाही.

पनामातलं उदाहरण घ्या. 1962 मध्ये डॉ. वेबस्टर रॉबिन्सन यांनी फ्लाय रॉडवर, म्हणजे पिसांच्या हलक्या आमिषावर, सेलफिश पकडला आणि ते नाव इतिहासात गेलं. पण त्या पद्धतीत बिनगळाचं आमिष ओढून मासा टप्प्यात आणणारं माणूस लागतंच. ते काम त्यांच्या पत्नी हेलन करत. जाणकारांना हे माहीत आहे, पण विक्रम एका नावावर असतो.

याउलट एक गोष्ट बघा. न्यूझीलंडचे माओरी लोक होडीमागे ओढायला 'पा कहावाई' नावाचा गळ बनवत. लाकडी पाठीला पाउआ शिंपल्याचं चमकदार अस्तर, हाडाचं टोक, कधी कधी पिसं. बोटीमागे चमक दाखवून माशाला फसवायचं हे तत्त्व ग्रे तिथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून त्या पाण्यात होतं. हे गळ आज संग्रहालयांत काचेमागे आहेत आणि ते योग्यच आहे. पण विसाव्या शतकातल्या कुणा खलाशाने खुर्चीच्या पायापासून तासलेला टीझर कोण ठेवणार? तुटला की तो चुलीत जातो. हरवला तर समुद्रात.

लाटण्याचा प्रयोग

कागद नाहीत म्हटल्यावर मी शेवटी एक टीझर स्वतःच बनवला. घरातलं तडकलेलं जुनं लाटणं घेतलं. एक टोक तिरकं कापलं, त्यात कडीचा स्क्रू बसवला, मागे सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्या बांधल्या, आरशासारखी चकचकीत टेप गुंडाळली. दोरी सोडली तर खर्च 60 रुपये. आईने लाटण्याबद्दल जे ऐकवलं ते वेगळं.

मालवणजवळ ओळखीच्या एका काकांची इंजिनाची होडी आहे. त्यांनी खाडीत एक फेरी मारायचं कबूल केलं. माझं लाटणं पाण्यात पडताच भोवऱ्यासारखं गरगर फिरायला लागलं आणि दोरीला असे पीळ पडले की ओढता येईना. मी वहीत डोकं खुपसून कापलेला कोन मोजत होते. काकांनी सुकाणूवरून नुसतं एकदा वळून पाहिलं.

"पोटाक शिसां लाव, मगे ता सरळ चलतला."

त्यांनी मार्लिनचा टीझर आयुष्यात पाहिलेला नव्हता. पण पाण्यात ओढलेली वस्तू का फिरते हे त्यांच्या हाताला माहीत होतं. पोटाच्या बाजूला खाच पाडून आम्ही जाळ्याची दोन शिशं बांधली. पुढच्या फेरीत लाटणं फिरायचं थांबलं. पाण्यात घुसलं, डावीकडे सरकलं, वर आलं आणि मागे बुडबुड्यांची पांढरी रेघ सोडली. मी होडीत उभी राहून ओरडले. काका म्हणाले, "बस खाली, पडशील."

गाइडना हे सांगितल्यावर ते आधी हसले. मग म्हणाले, "हा पुरावा नाही, पण ही दिशा आहे." ते बरोबर आहे. लाटणं चाललं म्हणून 1950 मध्ये कोनात काय झालं ते सिद्ध होत नाही. पण आता जुना फोटो बघताना मी विक्रमी माशाशेजारी उभ्या असलेल्या साहेबाकडे बघत नाही. मागे, बोटीच्या कोपऱ्यात लोंबकळणारा ठोकळा शोधते. त्याचं टोक कसं कापलंय, पोटाला वजन कुठे बांधलंय, रंग किती वेळा दिलाय, हे बघते. फोटो काढणाऱ्याला तो ठोकळा टिपायचा नव्हता. तो चुकून आत आला आणि म्हणूनच तो मला पुरावा वाटतो.

खर्ड्यात आता एक जोडपान आहे: कोणत्या फोटोत, कोणत्या बोटीवर, कसा टीझर दिसतो. यादी अजून छोटी आहे. पीएचडीच्या ऋणनिर्देशात त्या काकांचं नाव येईल, तसं मी त्यांना विचारलंय. ते म्हणाले, "नाव घाल नायतर नको घालू, लाटणा मात्र परत नेव नको." लाटणं सध्या त्यांच्या होडीत आहे. सुरमई त्याच्या मागे येते का ते ते बघताहेत. पुढच्या लेखात कळवते.